कौन्सिलनं पायवाटांचा आराखडा मांडलाय, त्यात नक्की काय लिहू?

गडग्यापलीकडे

मंडळी, प्रश्न इंग्लंडात राहणाऱ्यांसाठी आहे, पण बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही.

आम्ही मिडलँड्समधल्या एका खेड्यात राहतो, सहा वर्षं झाली. घरामागून एक सार्वजनिक पायवाट निघते आणि तीन शेतं ओलांडून शेजारच्या गावातल्या चर्चपाशी जाते. मैलभर असेल. सुरुवातीला पिवळ्या बाणाची पाटी, मधे एक ओढा. गेल्या उन्हाळ्यात आई गुहागरहून तीन महिने आली होती. वय 72, उजवा गुडघा बदललेला. पहिल्याच दिवशी वाट बघून म्हणाली, "ही तर आपली पाखाडीच, फक्त चिरे नाहीत."

रोज संध्याकाळी आम्ही निघायचो आणि रोज पहिल्या शेताच्या टोकावरून परत फिरायचो, कारण तिथे स्टाइल आहे. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: कुंपणात दोन फळ्या पायऱ्यांसारख्या बसवलेल्या असतात. त्यांवर चढायचं, वरच्या आडव्या दांड्यावरून एक पाय पलीकडे टाकायचा, मग दुसरा. माणसं जावीत, गुरं अडावीत, एवढाच हेतू. आई म्हणाली, "मला कधी गुरांत घातलंत ते कळलंच नाही."

एकदा हट्टानं चढली. वरची फळी एका बाजूनं कुजलेली, पाय ठेवला की डुलते. आई दांड्यावर बसली, एक पाय अलीकडे, एक पलीकडे, आणि तिथेच अडकली. मी खालून धरून उभी. तेवढ्यात पलीकडून कुत्रा घेऊन एक आजोबा आले, ऐंशीच्या पुढचे. त्यांनी हात दिला, तिला परत अलीकडेच उतरवलं, आणि म्हणाले, मी पण हल्ली इथपर्यंतच येतो आणि मागे फिरतो. म्हणजे दोन गावांची दोन म्हातारी माणसं एकाच फळीपाशी येऊन रोज परत जात होती.

पुढचं शेत मी एकटीनं पाहिलं. तिथे वाटच नव्हती. मोहरीसारखं ते रेपसीडचं पीक माझ्या खांद्यापर्यंत वाढलेलं. पाटीचा बाण सांगतो सरळ जा, आणि समोर पिकाची भिंत. यंदा तिथे गहू पेरलाय आणि आत्ताही वाटेचा पत्ता नाही.

आता मुद्दा. काउंटी कौन्सिलनं पायवाटा आणि रस्ता-हक्कांच्या सुधारणेचा दहा वर्षांचा मसुदा लोकांपुढे ठेवलाय. महिनाअखेरपर्यंत अभिप्राय मागवलेत. आई मे महिन्यात पुन्हा येतेय, म्हणून लिहायचंय. पण हे कुणी वाचतं का? दुसरं म्हणजे शेतकरी भला माणूस आहे. बर्फात आमची गाडी अडकली होती तेव्हा ट्रॅक्टर घेऊन आला होता. त्याच्याशी वाकडं घ्यायचं नाही. आणि जाता जाता: आमच्या गल्लीतून शाळेकडे एक बोळ जातो. सगळं गाव वापरतं, पण नकाशावर तो नाहीच. त्या जागेवर आता 'विकली' अशी पाटी लागलीय. तेही यातच लिहू का?

वाटसरू

ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळी प्रकरणं आहेत आणि आराखड्यात त्यातलं एकच बसतं. मीही पहिल्या वेळी सगळं एकाच फॉर्मात कोंबलं होतं. मी डर्बीशायरच्या उत्तरेला 19 वर्षं आहे, आणि आमच्या भागातल्या लोकल ॲक्सेस फोरमवर (वाटांबद्दल कौन्सिलला सल्ला देणारी समिती) सात वर्षं बसतोय. बिनपगारी, चहा-बिस्किटांवर. कौन्सिलला असा आराखडा करताना या फोरमचा सल्ला घ्यावाच लागतो, त्यामुळे असे अभिप्राय गठ्ठ्यांनी वाचलेत. म्हणजे हो, वाचतात.

हा आराखडा कौन्सिल हौसेनं करत नाही. 2000 सालच्या 'क्रो' (कंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे) कायद्याच्या कलम 60 नं तो करणं भाग आहे, आणि जास्तीत जास्त दर 10 वर्षांनी त्याचा फेरविचार करावा लागतो. वाटा लोकांच्या आजच्या-उद्याच्या गरजेला पुरतात का, मोकळ्या हवेत हिंडाफिरायला त्यांचा उपयोग होतो का, आणि अंध किंवा चालायला त्रास होणाऱ्या माणसांना त्या वापरता येतात का, हे त्यात तपासायचं असतं. यातलं शेवटचं तुमच्या आईंसाठीच लिहिलंय असं समजा. पण आराखडा म्हणजे धोरण. 'अमुक करू' असं त्यात छापलं म्हणून अमुक करायची सक्ती होत नाही, आणि त्यासाठी वेगळा पैसा येईलच असंही नाही.

उलट, असलेली वाट मोकळी राखणं ही त्यांची रोजची जबाबदारी आहे, 1980 च्या हायवेज ॲक्टखाली. आराखडा असो वा नसो. दुरुस्ती वेगळी, सुधारणा वेगळी. म्हणून पिकाची तक्रार आराखड्यात घालू नका. घातलीत तर 'नोंद घेतली' असं उत्तर येईल आणि तोवर गव्हाची कापणी होऊन गेलेली असेल. ती कौन्सिलच्या साइटवर 'अडथळा' म्हणून कळवा, आणि आत्ताच, पीक घोट्याएवढं आहे तेव्हा. शेताच्या मधून जाणारी पायवाट शेतकरी नांगरू शकतो, पण त्या पिकासाठी पहिल्यांदा मोडल्यावर 14 दिवसांत आणि पुढे दर वेळी 24 तासांत त्यानं ती पुन्हा जमिनीवर दिसेल अशी करून द्यायची असते, किमान 1 मीटर रुंद. कडेनं जाणारी असेल तर नांगरताच येत नाही, आणि तिथे रुंदी दीड मीटर. पीक वाटेवर येऊ द्यायचं नाही. गवत तेवढं याला अपवाद.

आता स्टाइल. ती धड ठेवणं हे जमीनमालकाचं काम. त्याच्या वाजवी खर्चाचा किमान चौथा हिस्सा कौन्सिलनं सोसायचा, हायवेज ॲक्टचं कलम 146. पण फळी बदलून आईंचा प्रश्न सुटणार नाही, नवी फळी जुनीच्याच उंचीवर बसेल. स्टाइल काढून तिथे सोपं काहीतरी आणणं ही सुधारणा, आणि ती आराखड्यात मागायची. त्याला मालकाचा होकार लागतो. चालायला त्रास असणाऱ्यांसाठी असे बदल करायला मालकाशी करार करण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, 147 झेडए. हा आकडा अभिप्रायात लिहाच. वाचणारा जरा सावरून बसतो.

काय मागायचं याचा एक क्रम आहे, ब्रिटिश स्टँडर्ड 5709 मधला (वाटेवरच्या फटी, फाटकं, स्टाइल यांचं प्रमाणक). सगळ्यात आधी नुसती मोकळी फट. ती चालत नसेल तर साधं फाटक. तेही नसेल जमत तर किसिंग गेट (नावावर जाऊ नका, अर्धगोल पिंजऱ्यात झुलणारं फाटक आहे ते. लोटायचं, आत उभं राहायचं, मागे ढकलायचं आणि निघायचं. गाईला तेवढ्यात वळता येत नाही). स्टाइल अगदी शेवटी. आता मला सांगा, त्या दोन शेतांत गुरं आहेत का? एकीकडे गहू, दुसरीकडे काय? दोन्हीकडे पीक असेल तर ती स्टाइल कुणाला अडवायला उभी आहे?

लिहायचं कसं: 'आमच्या भागात वाटांची दुरवस्था आहे' अशी शंभर पत्रं आमच्या अहवालात एका ओळीत मिटतात. डेफिनिटिव्ह मॅपवर, म्हणजे कौन्सिलच्या वाटहक्कांच्या अधिकृत नकाशावर, तुमच्या पॅरिशच्या (गावच्या हद्दीच्या) नावापुढे वाटेचा नंबर असतो, तो द्या. ग्रिड रेफरन्स (नकाशावरच्या जागेचे आकडे) द्या, फळीची उंची मोजून द्या, फोटो जोडा. एका बाईंनी जुळ्यांच्या बाबागाडीची रुंदी आणि फाटकाची रुंदी, दोन्ही टेपनं मोजून लिहिली होती. ते पत्र आमच्या बैठकीत तीनदा निघालं.

आणि हे सगळं पाठवायच्या आधी शेतकऱ्याकडे जाऊन या. कागद आधी गेला आणि तुम्ही मागून गेलात तर ट्रॅक्टरवाला भला माणूसही बिथरतो. स्टाइल त्यालाही आवडते असं नाही, दर काही वर्षांनी कुजते. बऱ्याच कौन्सिल फाटक स्वतः देतात आणि बसवायला स्वयंसेवकांची टोळी पाठवतात.

बोळाचं प्रकरण निराळंच. 20 वर्षं लोक उघडपणे, कुणाची परवानगी न घेता, विनाअडथळा जात असतील तर ती सार्वजनिक वाट मानतात, मालकानं 'माझा तसा इरादा नव्हता' हे दाखवलं नाही तर. हायवेज ॲक्टचंच कलम 31. तुम्ही सहा वर्षांच्याच असलात तरी बिघडत नाही, सगळ्या गावाची मिळून 20 भरली की झालं. उद्या कुणी कुंपण घातलं तरी हक्क गेला असं नाही, ती 20 वर्षं वाट अडवली त्या दिवसापासून मागे मोजतात. प्रत्येकाकडून पुराव्याचा फॉर्म भरून घ्या आणि नकाशात बदल करायचा रीतसर अर्ज द्या. निकालाला वर्षं लागतात, आधीच सांगतो. पण म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांची सही घ्या.

तळ्यात_मळ्यात

वाटसरूंचा उत्साह मोडायचा नाही, पण आमच्या कौन्सिलच्या मागच्या खेपेला मी दोन संध्याकाळी घालवून तेवीस प्रश्न भरले होते. छान रंगीत पीडीएफ निघाला. मुखपृष्ठावर हसरं कुटुंब, लाल गमबूट, सोनेरी कुत्रा. ज्या फाटकापाशी नोव्हेंबर ते मार्च चिखलात बूट अडकतो तिथे अजूनही बूट अडकतो. हल्ली मी खिशात छोटी छाटणीची कात्री ठेवतो आणि वाटेवर आलेली काटेरी फांदी कापून पुढे जातो. माझा आराखडा तेवढाच.

एडिंबराकर

स्कॉटलंडात हे सगळं गैरलागू, एवढं सांगून ठेवतो. इथे 2003 च्या लँड रिफॉर्म कायद्यानं जवळपास कुठेही जबाबदारीनं फिरायचा हक्क आहे. तरी कौन्सिलला 'कोअर पाथ'चा, म्हणजे मुख्य वाटांचा, आराखडा करावा लागतोच, आणि तरी फाटकाला कुलूप घालणारे भेटतातच.

सातबारा

मी निवृत्त मंडळ अधिकारी, सोलापूर जिल्हा. मुलीकडे बर्मिंगहॅमला दोनदा येऊन गेलो, या वाटांवरून चाललोही आहे, म्हणून बोलायचं धाडस करतो.

माझी निम्मी नोकरी पाणंद आणि शिवरस्त्यांच्या भांडणात गेली. आमच्याकडेही गावनकाशा आहे, त्यावर दोन तुटक रेघांचा गाडीरस्ता आणि एका तुटक रेघेची पायवाट. कायदाही आहे. बांधावरून नवीन रस्ता हवा असेल तर जमीन महसूल संहिता 1966, कलम 143. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल तर 1906 चा मामलेदार न्यायालय कायदा, कलम 5, तोही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. दोन्ही तहसीलदारांपुढे. स्थळपाहणीला गेलो की नकाशावरचा गाडीरस्ता जागेवर बैलसुद्धा धड जाणार नाही एवढा उरलेला. दोन्हीकडून दरसाल एकेक वीत बांध कोरत आणलेला. आणि दोघंही सख्खे भाऊ. एकदा पंचनामा लिहीत असताना एकानं माझ्यासमोर वाटेत बाभळीचा काटेरी फास (काट्यांच्या फांद्या) टाकला आणि म्हणाला, "साहेब, हे पण लिवा."

मला नवल वाटलं ते असं, की आमच्याकडे वाट मागणारा स्वतःच्या रानात जायला मागतो. औत न्यायचं असतं, ऊस बाहेर काढायचा असतो. रस्ता मिळाला नाही तर फड उभा वाळतो. तुमच्याकडे ज्याचा त्या शेताशी काडीचा संबंध नाही असा माणूस कुत्रं घेऊन फिरायला वाट मागतो, आणि शेतकरी पिकातून मीटरभर पट्टा सोडतो! आमच्याकडे कुणाला सांगितलं तर म्हणतील, काका इंग्लंडला जाऊन आल्यापासून थापा मारायला लागले.

ताईंना एकच सुचवतो. मोजमाप घेताना दोन माणसं सोबत ठेवा. मागाहून 'मोजलंच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही.

वाटसरू

काका, तो फास मी विसरणार नाही.

या वाटाही मुळात कामाच्याच. मजूर शेतावर जायचे, बायका बाजाराला, सगळे चर्चला. कित्येक वाटा तर मढं दफनाला न्यायच्या. फिरायला जायचा हक्क मात्र भांडूनच मिळाला. आमच्या इथलंच किंडर स्काउट. 24 एप्रिल 1932 ला काही शे तरुण, बरेचसे मँचेस्टरकडचे कामगार, शिकारीसाठी राखून ठेवलेल्या त्या माळावर मुद्दाम घुसले. पाच जणांना तुरुंगवास झाला. माळावर घुसल्याबद्दल नव्हे, रखवालदारांशी झालेल्या झटापटीवरून. वाटांची नकाशावर नोंद करायचा कायदा त्यानंतर 17 वर्षांनी, 1949 मध्ये आला. त्या वेळी पॅरिश कौन्सिलांनी, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतींनीच म्हणा, आपापल्या हद्दीतल्या वाटा चालून याद्या केल्या. कुठे मास्तरांनी मनापासून केली, कुठे जमीनदारच पंच होता. आज शेजारशेजारच्या दोन पॅरिशांचा नकाशा बघितला तर कोण चाललं होतं आणि कोण घरी बसलं होतं ते कळतं. हद्दीवर येऊन वाट एकदम संपते.

ताई, यावरून आठवलं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या (इथली सरकारी नकाशासंस्था) 1:25,000 नकाशावर तुमचा बोळ काळ्या तुटक रेघेनं दिसत असेल तर त्यावर विसंबू नका. हिरवी तुटक रेघ म्हणजे हक्क. काळी म्हणजे नुसती वाट आहे, हक्काबद्दल ती काही सांगत नाही.

गडग्यापलीकडे

तीन आठवड्यांनी परत आलेय, उशिराबद्दल माफ करा.

काकांचं ऐकून नवऱ्याला आणि कुत्रेवाल्या आजोबांना सोबत नेलं. शिवणाची टेप होती तीच नेली. पहिली फळी जमिनीपासून 46 सेंटिमीटर, वरचा दांडा 104. आजोबांनी हे स्वतःच्या डायरीत वेगळं लिहून घेतलं, तारखेसकट. ते आयुष्यभर रेल्वेत सिग्नलवर होते, त्यामुळे नोंद ठेवण्याची सवय.

मग नारळाच्या वड्या घेऊन शेतकऱ्याकडे गेले. वाटसरू, तुमचा प्रश्न त्याला जसाच्या तसा विचारला, गुरं आहेत का? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 2001 साली फूट-अँड-माउथची (लाळ्या-खुरकताची) साथ आली तेव्हा गुरं गेली, नंतर आणलीच नाहीत. तेव्हापासून दोन्हीकडे पीकच. म्हणजे इतकी वर्षं ती स्टाइल कुणालाच अडवत नव्हती, आजोबांना आणि आईला सोडून. त्याच्या बायकोनं आतून आवाज दिला, "मी कधीची सांगतेय तो दांडा काढ म्हणून." गव्हातल्या वाटेचं त्यानं स्वतःच काढलं. पेरणी भाड्याच्या माणसाकडून करून घेतो, त्याला वाट माहीत नव्हती म्हणे. खरं-खोटं देव जाणे, पण गेल्या शनिवारी गव्हातून दोन चाकोऱ्या उमटल्यात आणि त्या बाणाच्याच दिशेनं जातात. तरी कौन्सिलला कळवून ठेवलं, गोड शब्दांत.

आराखड्यात एकच परिच्छेद लिहिला. वाटेचा नंबर, ग्रिड रेफरन्स, दोन उंच्या, दोन्ही बाजूंना गुरं नाहीत, मालकाची फट ठेवायला हरकत नाही, 147 झेडए, आणि दोन म्हाताऱ्या माणसांची नावं न घालता हकीकत. तेवीस प्रश्नांच्या भानगडीत पडले नाही, 'इतर काही' हा रकाना होता त्यात घातलं. (तळ्यात_मळ्यात, आमच्याही मसुद्यावर सोनेरी कुत्रा आहे.) पोचपावती आलीय, पुढचं बघू.

बोळाचे अकरा फॉर्म भरून झाले. त्यातल्या एक आजी 1974 पासून तिथून जातायत. त्यांनी 'किती वेळा' या प्रश्नापुढे 'पाऊस नसेल तेव्हा' असं लिहिलंय. ते चालेल का वाटसरू, की आकडा घालायला सांगू?

काल रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ती फळी मोजलीस ती अलीकडून ना? पलीकडे जमीन खोल आहे गं. अडकले होते मी, मला विचार."

उद्या टेप घेऊन पुन्हा जाते. आजोबांना फोन केलाय, डायरी घेऊन येतायत.